रताळ्याचा गर कोणत्या रंगाचा?

उपासाला बटाटा बरा की रताळं, असं कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं असतं: रताळं पौष्टिक, बटाट्यानं वजन वाढतं. आकडे मात्र तसं सांगत नाहीत. 100 ग्रॅम कच्च्या बटाट्यात साधारण 77 कॅलरी असतात, रताळ्यात 86. पिष्टमय पदार्थही रताळ्यातच थोडे जास्त. तंतूंत रताळं जरा पुढे, पोटॅशियममध्ये बटाटा. प्रथिनं दोन्हींत दोन ग्रॅमच्या आसपास. इथवर डावं-उजवं करण्यासारखं काहीच नाही.

खरा फरक आहे तो अ जीवनसत्त्वाचा. बीटा-कॅरोटिन पोटात गेलं की शरीर त्यापासून अ जीवनसत्त्व तयार करतं. बटाट्यात ते जवळपास नसतंच. रताळ्यात भरपूर असतं, पण नारिंगी गराच्या. रताळ्याचे गुण सांगणारे बहुतेक तक्ते याच नारिंगी रताळ्याचे असतात. आपल्या मंडईत महाशिवरात्रीला ज्याचे ढीग लागतात ते रताळं सालीनं लालसर, पण कापलं की आत पांढरं किंवा फिकट पिवळं. तो नारिंगी रंगच बीटा-कॅरोटिनचा, म्हणून पांढऱ्या गरात ते फारच कमी. तिरुअनंतपुरमच्या केंद्रीय कंदपिके संशोधन संस्थेनं ‘भू सोना’ हे नारिंगी गराचं वाण काढलं आहे. असं वाण आपल्या बाजारात सहज मिळायला हवं, असं मला मनापासून वाटतं. मिळालं, तर त्याचे काप साजूक तुपावरच परतावेत, कारण बीटा-कॅरोटिन अंगी लागायला स्निग्धांश लागतो.

दुसरी गोष्ट शिजवण्याची. रताळ्यात अमायलेज नावाचं विकर असतं. साधारण 60 ते 75 अंश सेल्सिअसला ते जोरात काम करतं आणि पिष्टाची माल्टोज ही साखर बनवतं. निखाऱ्यावर मंद भाजलेलं रताळं या तापमानात बराच वेळ राहतं, म्हणून ते इतकं गोड लागतं, सालीला चिकट पाकही सुटतो. पण भाजलेल्या रताळ्यानं रक्तातली साखर उकडलेल्यापेक्षा लवकर चढते. मधुमेह असेल त्यानं उकडलेलंच खावं, तेही बेतानं.

बटाटा उकडून गार केला की त्यातलं थोडं पिष्ट घट्ट होऊन बसतं, लहान आतड्यात पचत नाही आणि तंतूसारखं पुढे सरकतं. हाच बटाटा नंतर जिरं-मिरचीच्या फोडणीत परतला तरी त्यातलं बरंचसं तसंच राहतं. तो सालासकट उकडावा, म्हणजे क जीवनसत्त्व पाण्यात कमी उतरतं.