चवडा का दुखतो?

नांदगावाहून मालवणच्या किनाऱ्यावर सहलीला गेलात, तर ओल्या पुळणीवर अनवाणी चाला आणि मागे वळून पाहा. ठशात टाच व चवडा खोल रुतलेले दिसतील. टाच उचलली, की जवळजवळ सारा भार क्षणभर एका चवड्यावर येतो.

पावलात 26 हाडे असतात. बोटांमागच्या पाच लांब हाडांना प्रपदास्थी म्हणतात. त्यांची पुढची टोके चवड्यात असतात. अंगठ्यामागचे हाड सर्वांत जाड. भाराचा मोठा वाटा त्याचा. दुसरे हाड सडपातळ, पण त्याचे बूड शेजारच्या हाडांत पाचरीसारखे घट्ट बसलेले असते. आता पहिले हाड सैल असून भार येताच वर सरकले तर? जादा भार न हलणाऱ्या दुसऱ्या हाडावर पडतो. तेथे घट्टा पडतो, चवडा दुखू लागतो.

हा विचार अमेरिकन शल्यविशारद डडली मॉर्टन यांनी 1928 मध्ये मांडला. मात्र हाड सैल असलेल्या प्रत्येकाचा चवडा दुखतोच असे नाही. अरुंद पादत्राणे, उंच टाचा, आखडलेली पोटरी हीही कारणे असतात.

म्हणून घट्टा नुसता कापू नका. भार तसाच राहिला, तर तो पुन्हा येतो. भार कोठे पडतो, हे डॉक्टरांकडून तपासून घ्या.