बॅरिस्टर मुकुंद रामराव जयकर यांची खासगी कागदपत्रे : स्वरूप, वाचन आणि जतनाचा प्रश्न

प्रस्तावना

आधुनिक महाराष्ट्राच्या राजकीय इतिहासाचे लेखन प्रामुख्याने शासकीय दप्तरे, वृत्तपत्रे आणि आत्मचरित्रे या तीन साधनांवर उभे राहिले आहे. सार्वजनिक जीवनातील व्यक्तींची खासगी कागदपत्रे हे चौथे साधन त्या मानाने उपेक्षित राहिले. प्रस्तुत लेखात बॅरिस्टर मुकुंद रामराव जयकर (१८७३-१९५९) यांच्या कागदपत्रांच्या आधारे या साधनाचे स्वरूप, त्याच्या वाचनाची पद्धत आणि त्याच्या जतनाचा प्रश्न यांचा परिचय करून दिला आहे. नाशिक जिल्ह्यातील महाविद्यालये ज्या पुणे विद्यापीठाशी संलग्न आहेत, त्याचे जयकर हे पहिले कुलगुरू (१९४८-१९५६). विद्यापीठाच्या ग्रंथालयाला त्यांचे नाव असल्याने ते नाव विद्यार्थ्यांच्या परिचयाचे आहे. मात्र त्यामागील व्यक्ती बहुतेकांस अपरिचितच असते.

खासगी कागदपत्रे म्हणजे काय?

एखाद्या व्यक्तीने आपल्या जीवनव्यवहारात निर्माण केलेली वा तिच्याकडे आलेली पत्रे, दैनंदिनी, टिपणे, भाषणांचे मसुदे, कात्रणे, निमंत्रणे, हिशेब यांचा समुच्चय म्हणजे खासगी कागदपत्रे. ग्रंथ आणि अभिलेख यांतील मूलभूत फरक येथे लक्षात घेतला पाहिजे. ग्रंथ वाचकासाठी लिहिला जातो. पत्र त्या दिवसाच्या गरजेपोटी लिहिले जाते. पुढे काय घडणार हे पत्रलेखकास ठाऊक नसते आणि यातच त्याचे पुराव्याच्या दृष्टीने मोल आहे.

अभिलेखशास्त्रात दोन तत्त्वे पायाभूत मानली जातात. पहिले उगमाचे : एका व्यक्तीचा संग्रह दुसऱ्याच्या संग्रहात मिसळू नये. दुसरे मूळ क्रमाचे : कागद ज्या क्रमाने त्या व्यक्तीने ठेवले, तो क्रम शक्यतो मोडू नये. कोणते पत्र कोणत्या धारिकेत, कोणत्या कागदाशेजारी ठेवले होते, हाही एक पुरावाच असतो.

आत्मचरित्र जेथे थांबते

जयकरांनी इंग्रजीत विस्तृत आत्मचरित्र लिहिले. त्याचा पहिला खंड १९५८ साली, तर दुसरा १९५९ साली प्रसिद्ध झाला. पहिला खंड १९२२ पर्यंतचा, तर दुसरा १९२२ ते १९२५ या काळाचा आहे. १० मार्च १९५९ रोजी जयकरांचे निधन झाले आणि आत्मकथन १९२५ वरच राहिले.

या वर्षाचे महत्त्व समजून घेतले पाहिजे. १९२३ नंतर मुंबई कायदेमंडळात स्वराज्य पक्षाचे नेतृत्व करणारे जयकर १९२५ अखेर त्या पक्षाच्या धोरणापासून दुरावले आणि १९२६ मध्ये न. चिं. केळकर व डॉ. बा. शि. मुंजे यांच्यासह प्रतियोगी सहकार पक्षाच्या उभारणीत सामील झाले. १९२८ च्या डिसेंबरमध्ये कलकत्त्याच्या सर्वपक्षीय परिषदेत त्यांनी जिनांच्या मागण्यांना विरोध केला. पुढे गोलमेज परिषदा, १९३२ चा पुणे करार (त्यावर जयकरांची स्वाक्षरी आहे), १९३७ पासून संघ न्यायालयातील न्यायाधीशपद, त्यानंतर प्रिव्ही कौन्सिलच्या न्यायिक समितीतील सदस्यत्व आणि १९४६ मध्ये संविधान सभा असा त्यांचा प्रवास झाला. म्हणजेच ज्या तीन दशकांत त्यांचे राजकीय कर्तृत्व व त्यावरील वाद सर्वाधिक होते, त्या काळाविषयी त्यांचे स्वतःचे सलग निवेदन उपलब्ध नाही. ही उणीव नवी दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारातील ‘जयकर पेपर्स’ या संग्रहाने काही अंशी भरून निघते. स्वराज्य पक्षातील फूट, हिंदू महासभा व गोलमेज परिषद या विषयांच्या अभ्यासकांनी या संग्रहाचा विशेष उपयोग केला आहे.

शासकीय दप्तर आणि खासगी संग्रह

दोन उदाहरणांनी या दोन साधनांतील भेद स्पष्ट होईल. १९२७ साली केंद्र सरकारने रस्ते विकासासाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्ष जयकर होते. तिचा अहवाल १९२८ मध्ये आला आणि पेट्रोलवरील जादा कराच्या उत्पन्नातून १९२९ मध्ये केंद्रीय रस्ता निधी अस्तित्वात आला. ओझर गावालगत जाणाऱ्या मुंबई-आग्रा महामार्गासारख्या प्रमुख मार्गांच्या आधुनिक विकासाच्या इतिहासात या समितीचे स्थान मोठे आहे. हा इतिहास जाणून घेण्यास खासगी कागदपत्रांवाचून फारसे अडत नाही. कारण समिती शासकीय होती व तिचा अहवाल छापील आहे.

दुसरे उदाहरण १९३० च्या तडजोडीच्या प्रयत्नांचे आहे. मिठाचा सत्याग्रह सुरू असताना सर तेजबहादूर सप्रू व जयकर यांनी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या संमतीने मध्यस्थी आरंभिली. जुलैमध्ये ते येरवडा तुरुंगात गांधीजींना भेटले. त्यांचा निरोप घेऊन अलाहाबादजवळच्या नैनी तुरुंगात मोतीलाल व जवाहरलाल नेहरू यांच्याकडे गेले. ऑगस्टच्या मध्यास नेहरू पितापुत्रांना येरवड्यास आणून एकत्रित चर्चा झाली आणि १५ ऑगस्ट १९३० च्या पत्राने काँग्रेस नेत्यांनी आपल्या अटी कळविल्या. मध्यस्थी निष्फळ ठरली व मुख्य पत्रव्यवहार त्याच वर्षी प्रसिद्धही झाला.

येथे सप्रू व जयकर यांपैकी कोणीही शासकीय अधिकारी नव्हते. सरकारची बाजू गृहखात्याच्या दप्तरात मिळते, काँग्रेसची बाजू तिच्या नेत्यांच्या लेखनात मिळते. परंतु मध्यस्थांचा आपसांतील विचारविनिमय शोधावयाचा तर त्यांच्या खासगी संग्रहांकडेच वळावे लागते. त्यातही जयकरांचा संग्रह दिल्लीत, तर सप्रूंचा पत्रव्यवहार कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. सामान्यतः व्यक्तीच्या संग्रहात तिला आलेली पत्रे असतात. तिने पाठविलेली पत्रे दुसऱ्याच्या घरी असतात. स्थळप्रत जपली असेल तरच दोन्ही बाजू एकत्र सापडतात. त्यामुळे संवाद पुरा ऐकावयाचा तर अभ्यासकाला दोन्ही शहरे गाठावी लागतात. हा अनुभव केवळ भारतातला नाही. वेल्समध्ये वाढलेले वकील व ब्रिटनचे पंतप्रधान डेव्हिड लॉईड जॉर्ज यांचे राजकीय कागद ब्रिटिश संसदेच्या अभिलेख संग्रहात गेले, तर कौटुंबिक पत्रांचा मोठा भाग ॲबरिस्टविथ येथील वेल्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे.

वकिलाच्या कागदांचे वाचन

वकिली पेशातील राजकारण्यांचे संग्रह तुलनेने सुव्यवस्थित आढळतात, याचे कारण पेशाच्या सवयीत आहे. तारीख, स्थळप्रत, पोच आणि धारिका यांवाचून वकिलाचे काम चालत नाही. परंतु हीच सवय अभ्यासकाने सावधपणे पाहिली पाहिजे. वकील कागद ठेवतो तो पुढे कधीतरी बाजू मांडावी लागेल म्हणून. त्यामुळे काय ठेवले याबरोबरच काय ठेवले नाही, हा प्रश्नही विचारणे आवश्यक ठरते.

१६ डिसेंबर १९४६ रोजी संविधान सभेत जयकरांनी उद्दिष्टांच्या ठरावास उपसूचना मांडली. मुस्लिम लीग व संस्थानांचे प्रतिनिधी सहभागी होईपर्यंत ठराव पुढे ढकलावा, असा तिचा आशय होता. दुसऱ्या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही घाईने निर्णय न घेण्याच्या बाजूने भाषण केले. ठराव २२ जानेवारी १९४७ रोजी संमत झाला. पुढे जयकरांनी सभेचा राजीनामा दिला आणि मुंबई प्रांतातील त्या रिक्त जागेवर जुलै १९४७ मध्ये डॉ. आंबेडकर निवडून आले. सभेच्या छापील कामकाजात भाषणे मिळतात. त्यांमागील हेतू, सल्लामसलत व दडपणे कळण्यासाठी संबंधितांची पत्रे पाहावी लागतात. पत्रातील विधानही अंतिम सत्य नव्हे. ते कोणास, कोणत्या अपेक्षेने लिहिले, हे पाहून व अन्य साधनांशी ताडूनच स्वीकारावे.

दोन समांतर उदाहरणे

अमरावतीचे वकील व लोकमान्य टिळकांचे सहकारी दादासाहेब खापर्डे (१८५४-१९३८) यांच्या दैनंदिनी राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. राजकारणाच्या अभ्यासकांप्रमाणेच शिर्डीच्या साईबाबांच्या चरित्राचे अभ्यासकही त्यांचा आधार घेतात. कारण १९१०-१२ मधील शिर्डी वास्तव्याच्या नोंदी त्यांत आहेत. एकच कागद किती भिन्न प्रश्नांना उत्तर देऊ शकतो, हे यावरून दिसते.

डॉ. आंबेडकरांच्या कागदपत्रांचा इतिहास वेगळा व उद्बोधक आहे. १९५६ मधील महानिर्वाणानंतर ती न्यायालयीन ताब्यात गेली. महाराष्ट्र शासनाच्या ग्रंथमालेचा पहिला खंड १९७९ मध्ये निघाला, तर अप्रकाशित हस्तलिखितांवर आधारित तिसरा व चौथा खंड १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले. एवढ्या थोर विचारवंताचे लेखन वाचकांपर्यंत पोहोचण्यास तीन दशके लागली. कागद टिकणे आणि कागद उपलब्ध होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

जतनाचा प्रश्न

१९९३ च्या सार्वजनिक अभिलेख अधिनियमानुसार राष्ट्रीय अभिलेखागार देणगी वा खरेदीद्वारे खासगी अभिलेख स्वीकारू शकते. मात्र कोणत्याही कुटुंबावर ते देण्याची सक्ती नाही. राष्ट्रीय कीर्तीच्या व्यक्तींचे कागद दिल्लीस पोहोचतात. तालुक्याच्या न्यायालयात वकिली करीत सहकारी संस्था, शिक्षणसंस्था व नगरपालिका उभारणाऱ्यांचे कागद मात्र घर बदलताना रद्दीत जाण्याचा संभव अधिक असतो.

या संदर्भात काही गोष्टी महाविद्यालयांच्या इतिहास विभागांना करता येण्याजोग्या आहेत. मूळ क्रम न मोडता यादी करावी. चिकटपट्टी व लॅमिनेशन टाळावे. दोन्हींमुळे कागदाची कायमची हानी होते. टाचण्या व गंजलेल्या क्लिपा काळजीपूर्वक काढाव्यात. डिजिटल प्रत घेतली तरी मूळ कागद टाकू नये. कुटुंबाशी लेखी करार करून कोणता भाग किती वर्षे बंद राहील हे ठरवावे. वकिलांच्या बाबतीत एक विशेष दक्षता हवी. अशिलाने सांगितलेली गोष्ट गुप्त राखण्याचे बंधन वकिली संबंध संपल्यावरही कायम राहते. १८७२ च्या पुरावा कायद्यातील ही तरतूद १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही आहे. म्हणून खटल्यांच्या धारिका सार्वजनिक कार्याच्या कागदांपासून वेगळ्या ओळखून त्यांवर निर्बंध ठेवणे उचित होय.

समारोप

जयकर ना काँग्रेसच्या मुख्य प्रवाहात सामावले, ना तिच्या विरोधकांच्या चौकटीत पूर्णतः बसले. अशा व्यक्तींना पक्षांच्या इतिहासात दोन ओळींपलीकडे जागा मिळत नाही. त्यांचे आत्मचरित्र १९२५ ला थांबले; कागदपत्रे उरली म्हणून पुढील काळात त्यांची बाजू तपासता तरी येते. राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळामुळे काही साधने २०१५ पासून दूरस्थ अभ्यासकांच्या आवाक्यात आली, हे स्वागतार्ह आहे. तथापि जे कागद कोणत्याही अभिलेखागारात गेलेच नाहीत, त्यांच्यापुरते संकेतस्थळ निरुपयोगी आहे. ते शोधण्याचे काम त्या त्या गावातील महाविद्यालयालाच करावे लागेल.