एका फुप्फुसावर 30 वर्षं

5 एप्रिल 1933. अमेरिकेतील सेंट लुईसच्या बार्न्स हॉस्पिटलमध्ये डॉ. इव्हार्ट्स ग्रॅहम यांनी कॅन्सर झालेलं डावं फुप्फुस एकाच शस्त्रक्रियेत संपूर्ण काढलं. असा रुग्ण वाचण्याची ही पहिलीच वेळ. रिकामी पोकळी बुजावी, छातीची भिंत आत बसावी म्हणून काही बरगड्याही काढाव्या लागल्या. रुग्ण स्वतः डॉक्टर होता. तो 1963पर्यंत जगला.

ग्रॅहम यांचं त्याहून मोठं काम 1950चं. स्वतः सिगारेट ओढणारे आणि सुरुवातीला साशंक असूनही, अर्न्स्ट वाइंडर यांच्यासोबत त्यांनी धूम्रपान व फुप्फुसाच्या कॅन्सरचा संबंध पुराव्यानिशी मांडला. 1957मध्ये त्याच कॅन्सरने त्यांचं निधन झालं.

खोकला तीन आठवडे हटत नसेल, थुंकीतून रक्त पडत असेल, तर थांबू नका, डॉक्टरांना दाखवा.