इनामगावचा दाणा आणि डेक्कन कॉलेज

पुण्याला गुलटेकडीच्या मार्केट यार्डातल्या भुसार बाजारात सौदा ठरतो तो तळहातावर. पोत्यात पन्हाळी सळी खुपसून मूठभर दाणे काढायचे, बोटाने पसरायचे, एखादा दाताखाली धरायचा. ओल किती, कीड आहे का, माल कुठल्या भागातला, हे मुरलेला आडत्या तेवढ्यावरून सांगतो. गहू, मसूर, कुळीथ, वाटाणा, तीळ असा किती माल रोज इथे उतरतो. यातलं बरंचसं धान्य तीन हजार वर्षांपूर्वीही पुणे जिल्ह्यातल्या माणसांच्या कोठारात होतं. हे ज्यांनी मातीतून दाणा दाणा वेचून सिद्ध केलं, त्यांची संस्थाही पुण्यातच आहे. गुलटेकडीहून निघून, स्टेशन मागे टाकून, बंडगार्डनचा पूल ओलांडला की येरवड्याला डेक्कन कॉलेज लागतं.

जुनं विद्यापीठ आणि त्याचं संग्रहालय म्हटलं की आपल्याला युरोप आठवतो. बोलोन्याचं विद्यापीठ आपला जन्म 1088 सालचा सांगतं. ऑक्सफर्डला अॅशमोलियन संग्रहालय 1683 मध्ये उघडलं. तिथे वरच्या मजल्यावर दुर्मीळ वस्तू आणि तळघरात रसायनशाळा, अशी सुरुवातीपासूनची मांडणी होती. विद्यापीठातलं संग्रहालय इतर संग्रहालयांपेक्षा वेगळं का, याचं उत्तर त्या मांडणीतच आहे. इथली वस्तू नुसती बघण्यासाठी ठेवलेली नसते. विद्यार्थ्याने ती हातात घ्यायची असते, मोजायची असते, तिच्याविषयी आधी सांगितलेलं खोडून काढायचं असतं. पुण्याला हे सगळं पाहण्यासाठी परदेशी जायची गरज नाही.

डेक्कन कॉलेजचा जन्म येरवड्यातला नाही. 6 ऑक्टोबर 1821 रोजी पुण्यातल्या विश्रामबागवाड्यात हिंदू कॉलेज या नावाने संस्कृत पाठशाळा सुरू झाली. पेशवाईत विद्वान ब्राह्मणांना दरवर्षी दक्षिणा वाटली जात असे. पेशवाई गेल्यावर त्या दक्षिणा फंडातला काही पैसा मुंबईचा गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने या पाठशाळेकडे वळवला. 1851 मध्ये ती पूना कॉलेज झाली. पुढे सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून येरवड्याला गॉथिक धाटणीची दगडी इमारत उभी राहिली. 1864 मध्ये सर बार्टल फ्रियर यांनी पायाभरणी केली, 1868 मध्ये इमारत पुरी झाली आणि डेक्कन कॉलेज हे नाव रूढ झालं. आराखडा कॅप्टन हेन्री सेंट क्लेअर विल्किन्स यांचा. रामकृष्ण गोपाळ भांडारकर इथे संस्कृत शिकवत. टिळक आणि आगरकर इथेच शिकले, देशासाठी शिक्षणाचं काम करायचा त्यांचा निश्चय याच आवारात झाला. टिळकांची वसतिगृहातली खोली आजही जपलेली आहे.

ही संस्था एकदा बंदही पडली होती. 1934 मध्ये सरकारने काटकसरीचं कारण देऊन कॉलेजला कुलूप लावलं. माजी विद्यार्थी गप्प बसले नाहीत. देणगी शिक्षणासाठी दिलेली आहे, ती सरकारला मोडता येणार नाही, अशी भूमिका घेऊन ते कोर्टात गेले. लढा जिंकला आणि 17 ऑगस्ट 1939 रोजी कॉलेज पुन्हा उघडलं, ते पदव्युत्तर शिक्षण आणि संशोधनाची संस्था म्हणून. 1990 मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला.

1939 मध्ये इथे आलेल्या अध्यापकांत हसमुख धीरजलाल सांकलिया आणि इरावती कर्वे होत्या. इरावतीबाई बर्लिनला मानववंशशास्त्र शिकून आल्या होत्या. सांकलियांनी आधी मुंबईत नालंदा विद्यापीठावर प्रबंध लिहिला होता, मग लंडनला डॉक्टरेट केली होती. इंग्लंडमध्ये मेडन कॅसल इथे मॉर्टिमर व्हीलर यांच्या हाताखाली त्यांनी उत्खननाचं शास्त्र शिकून घेतलं. त्या शास्त्राचा गाभा साधा आहे. माती थराथराने उतरवायची, कोणती वस्तू कोणत्या थरात मिळाली याची नोंद तिथल्या तिथे करायची. नोंद नसलेलं खापर कितीही सुंदर असलं तरी अभ्यासाच्या उपयोगाचं राहत नाही. सांकलियांनी ही शिस्त पुण्यात रुजवली. तोवर महाराष्ट्राचा जुना इतिहास बहुतेक लेणी, नाणी आणि ताम्रपटांपासून सुरू होई. त्यांनी तो नदीकाठच्या पांढरीच्या टेकाडांपर्यंत मागे नेला.

1950-51 मध्ये संगमनेरजवळ प्रवरेकाठी जोर्वे इथे उत्खनन झालं. तिथे चाकावर घडवलेली, तांबड्या रंगावर काळी नक्षी काढलेली, पक्की भाजलेली भांडी मिळाली. हे खापर टिचकी मारली तर खणखणीत वाजतं. त्यातली तोटीची भांडी तर एकदा पाहिली की विसरत नाहीत. त्या गावाच्या नावाने अख्खी जोर्वे संस्कृती ओळखली जाऊ लागली. मग नेवासे, आणि 1968 पासून 1983 पर्यंत शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव. सांकलिया, झेड. डी. अन्सारी आणि म. के. ढवळीकर यांनी तिथे इसवी सनापूर्वी सुमारे 1600 ते 700 या काळातलं अख्खं खेडं उघडं केलं. घरं मिळाली ती शंभराहून जास्त.

तिथे दाणे टिकले कसे? धान्य अर्धवट जळून त्याचा कोळसा झाला की ते कुजत नाही आणि त्याला कीडही लागत नाही. असे दाणे असलेली माती पाण्यात कालवली की जड माती तळाशी बसते आणि जळके दाणे वर तरंगतात. ते गाळून, वाळवून सूक्ष्मदर्शकाखाली धरायचे. आकार, टोक, पोटावरची चीर यांवरून जव कोणता आणि गहू कोणता ते ओळखायचं. इनामगावच्या लोकांचं मुख्य धान्य जव होतं. गहू, तांदूळ, मसूर, कुळीथ, वाटाणा, तीळ ही पिकंही त्यांना ठाऊक होती. बोरं, आवळा, जांभळं ते खात. पुराचं पाणी शेताकडे वळवायला त्यांनी बांध घालून पाट काढला होता. गावाच्या मध्यभागी पाच खोल्यांचं मोठं घर होतं आणि त्याला लागून धान्याचं कोठार. गावाचा हिस्सा प्रमुखाकडे जमा होत असावा, असा अर्थ ढवळीकरांनी त्यावरून लावला.

त्याच घराच्या अंगणात चार पायांचा मातीचा मोठा रांजण मिळाला आणि त्यात मांडी घालून बसवलेला माणूस. इतर मोठ्या माणसांना पुरताना त्यांची पावलं घोट्याखाली तोडलेली असत. मेलेलं माणूस घर सोडून जाऊ नये, असा त्यामागचा हेतू मानला जातो. लहान मुलांना दोन मडक्यांत, तोंडाला तोंड लावून, घराच्या जमिनीखालीच ठेवत. लेकराला गावाबाहेर न नेता घरातच ठेवणाऱ्या त्या आईबापांचं दुःख समजायला लिपी लागत नाही. पुढे पाऊस ओसरला, शेती खालावली, ऐसपैस चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, आणि शेवटी गाव उठलं. दुष्काळाची ही कहाणी शिरूरच्या शेतकऱ्याला परकी वाटणार नाही.

डेक्कन कॉलेजचा पसारा एवढ्यावर संपत नाही. इथल्या मराठा इतिहास संग्रहालयात द. ब. पारसनीसांनी साताऱ्याला जमवलेला कागदपत्रांचा ठेवा आहे. 1948 मध्ये सु. मं. कत्रे यांनी सुरू केलेल्या संस्कृत महाकोशासाठी सुमारे दीड हजार ग्रंथांतून शब्द टिपले गेले. त्यांच्या जवळपास एक कोटी चिठ्ठ्या इथल्या खणांत आहेत. अनेक खंड निघाले तरी कोश अजून ‘अ’ या अक्षरातच आहे. ज्यांनी चिठ्ठ्या लिहिल्या त्यांतल्या बहुतेकांना पूर्ण कोश दिसणार नव्हता, आणि तरीही त्यांनी एकेक संदर्भ नीट उतरवून ठेवला.

मला या संस्थेचं मोठेपण इथेच दिसतं. राजाचा मुकुट किंवा तलवार जपायला कुणीही तयार होतं. जळका दाणा, फुटकं खापर, जनावराचं हाड जपायला विद्यापीठच लागतं. कारण आज निरुपयोगी वाटणारी वस्तू उद्याच्या प्रश्नाला उत्तर देईल, हा विश्वास तिथेच शिकवला जातो. तो खराही ठरला आहे. डेक्कन कॉलेजने हरियाणात राखीगढी इथे केलेल्या उत्खननातल्या एका स्त्रीच्या सांगाड्यातून जनुकीय माहिती मिळवता आली आणि 2019 मध्ये ती जगापुढे आली. सांकलियांनी येरवड्यात काम सुरू केलं तेव्हा हे तंत्र कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

दक्षिणेचा पैसा, जीजीभाईंची देणगी, माजी विद्यार्थ्यांची कोर्टातली चिकाटी आणि इनामगावच्या शेतकऱ्याची माती, एवढ्या हातांनी हे कॉलेज उभं राहिलं आहे. त्यामुळे त्यावर हक्क नुसत्या अभ्यासकांचा नाही. शाळांनी मुलांना तिथे न्यावं, आणि धान्य पारखणाऱ्या माणसांनी तर जरूर जावं. वेळेची आधी चौकशी करावी आणि निवांत दिवस काढून जावं. तिथल्या अभ्यासकांना विचारावं की हे तुम्ही कशावरून म्हणता. या प्रश्नाचं उत्तर पुरावा समोर ठेवून देणं, हेच त्या संस्थेचं काम आहे.