मोगली खरंच होता का?

मुलांनो, मोगली तुम्हाला ठाऊक आहेच. नसेल तर आईबाबांना विचारा. १९९३ साली रविवारी सकाळी दूरदर्शनवर त्याची मालिका लागायची, तेव्हा गल्लीत क्रिकेट खेळायलासुद्धा कुणी सापडत नसे! रुडयार्ड किपलिंग या इंग्रज लेखकाच्या १८९४ सालच्या 'जंगल बुक'मधला हा मुलगा. त्याचं जंगल म्हणजे सिवनीचं, आपल्या नागपूरहून जबलपूरकडे जाताना लागतं ते. लांडग्यांनी वाढवलेला, बालू अस्वलाकडून धडे घेतलेला. वर्गात ही गोष्ट निघाली की एक तरी हात वर येतोच. "बाई, असं खरंच होतं का हो?"

या प्रश्नाचं उत्तर शोधायला आधी बंगालमध्ये जाऊ, मग फ्रान्समध्ये.

बंगालमधल्या मेदिनीपूर गावी जे. ए. एल. सिंग नावाचे धर्मोपदेशक एक अनाथाश्रम चालवत. त्यांनी सांगितलं, की १९२० च्या ऑक्टोबरात जंगलातल्या एका मोठ्या वारुळातून लांडगे बाहेर आले आणि त्यांच्यापाठोपाठ दोन मुली. एक साधारण आठ वर्षांची, दुसरी जेमतेम दीड वर्षाची. मोठीचं नाव ठेवलं कमला, धाकटीचं अमला. दोघी हातापायांवर धावत, कच्चं मांस खात, रात्री लांडग्यासारख्या ओरडत, आणि अंधारात त्यांचे डोळे चमकत, असं सिंग यांच्या रोजनिशीत लिहिलं आहे. अमला वर्षभरातच, १९२१ साली गेली. कमला १९२९ साली गेली. ती रोजनिशी पुढे १९४२ साली अमेरिकेत छापली गेली आणि ही कहाणी जगभर पोचली. शिक्षणशास्त्राच्या किती तरी पुस्तकांत ती अगदी खरी म्हणून दिलेली आहे.

आता आपण जरा पोलिसासारखं वागू या. छापलेलं आहे म्हणून सोडून द्यायचं नाही.

पहिली गोष्ट डोळ्यांची. मांजराच्या डोळ्यांवर अंधारात बॅटरीचा झोत पडला तर ते चमकतात. का? तर त्याच्या डोळ्याच्या आत, मागच्या बाजूला, आरशासारखा एक थर असतो. लांडग्याला, कुत्र्याला, गाईलासुद्धा तो असतो. माणसाला नसतो. आणि हा थर काही सवयीने उगवत नाही. कमला दहा वर्षं लांडग्यांत राहिली असती तरी तिचे डोळे तसे चमकले नसते.

दुसरी गोष्ट दुधाची. सोलापूरकडच्या माळरानावर मेंढरं राखणाऱ्या एखाद्या धनगराला विचारा, तो तुम्हाला लांडग्याची खडान्‌खडा माहिती देईल. लांडगीची पिल्लं दोन महिन्यांत दूध सोडतात. मग आईने पोटातून उलटून काढलेलं मांस खातात, आणि वर्षाच्या आत कळपाबरोबर शिकारीला निघतात. आपलं दोन महिन्यांचं बाळ काय करतं? धड मानसुद्धा धरत नाही! पिल्लं दूध सोडून पळायला लागली तरी या बाळाला पाजत कोण बसणार? शिवाय या दोघींच्या वयांत सहा-साडेसहा वर्षांचं अंतर. म्हणजे लांडग्यांनी एकदा नव्हे, दोनदा माणसाचं मूल आणून वाढवलं, असं मानावं लागतं.

अशी शंका मोठ्या अभ्यासकांनाही आली. विल्यम ऑगबर्न हे अमेरिकन समाजशास्त्रज्ञ आणि आपले मानववंशशास्त्रज्ञ निर्मलकुमार बोस यांनी मेदिनीपूर भागात चौकशी केली आणि १९५९ साली ती प्रसिद्ध केली. मुली आश्रमात होत्या, हे खरं निघालं. त्या लांडग्यांबरोबर राहत होत्या, याला मात्र भरवशाचा पुरावा मिळाला नाही. पुढे सर्ज आरोल या फ्रेंच शल्यविशारदाने जुनी कागदपत्रं धुंडाळली आणि २००७ साली पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं असं, की रोजनिशी त्या त्या दिवशी लिहिलेलीच नव्हती, ती कमलाच्या मृत्यूनंतर काही वर्षांनी तयार झाली. आणि कमलाला मेंदूच्या वाढीचा एक दुर्मीळ आजार असावा. या आजारात मुलींचं बोलणं जातं, चालणं बिघडतं, हातांवरचा ताबा सुटतो.

मला विचाराल तर या कहाणीतला लांडगा बाजूला काढला की खरी वाईट वाटायची गोष्ट समोर येते. बोलता न येणाऱ्या, नीट चालता न येणाऱ्या दोन मुली. त्यांना कुणी सोडलं, का सोडलं, हे कुणी विचारलंच नाही. लांडग्याची गोष्ट जास्त रंगतदार होती ना!

आता फ्रान्सकडे वळू. तिथल्या मुलाला लांडग्याने वाढवलं, असं म्हणायची कुणाला गरजच पडली नाही, कारण त्याच्याबद्दल डॉक्टरांनी त्याच वेळी लिहून ठेवलेलं आहे.

१८०० सालचा जानेवारी महिना, कडाक्याची थंडी. दक्षिण फ्रान्समध्ये आव्हेरों नावाच्या प्रांतात एक अकरा-बारा वर्षांचा मुलगा जंगलातून एका गावात आला. अंगावर फाटका सदरा, गळ्यावर जुन्या जखमेचा मोठा व्रण. बोलत काहीच नव्हता. काही वर्षं तो रानात एकटाच राहिला असावा. कच्चे बटाटे, ओकची फळं खायचा, विस्तवातला बटाटा सरळ हाताने उचलायचा, बर्फ पडला की आनंदाने त्यात लोळायचा.

त्याला पॅरिसला मूकबधिरांच्या शाळेत नेलं. बघायला ही गर्दी! पिनेल नावाच्या नामांकित डॉक्टरांनी तपासून सांगितलं, की हा मुलगा जन्मतःच मंदबुद्धी आहे, याला काही शिकवता येणार नाही. पण त्याच शाळेत पंचविशीतला एक तरुण डॉक्टर होता, झाँ इतार. तो म्हणाला, मी शिकवून बघतो.

आधी मुलगा बहिरा आहे की काय, ते बघायचं होतं. इतारने त्याच्या मागे पिस्तुलाचा बार काढला, तर त्याने फारसं लक्षच दिलं नाही. आणि अक्रोड फोडला, तर झटकन मान वळवली! म्हणजे कान शाबूत होते. कुठला आवाज आपल्या कामाचा, ते तो रानात शिकला होता एवढंच. त्याला थंडी-ऊन कळावं म्हणून इतार रोज दोन-तीन तास गरम पाण्याने अंघोळ घालायचा. काही दिवसांनी हा पठ्ठ्या आधी बोट बुडवून बघायला लागला आणि पाणी कोमट असलं तर टबात उतरेना. 'ओ' हा आवाज ऐकला की तो वळून बघे, म्हणून त्याचं नाव ठेवलं व्हिक्टर.

इतार नेहमीच प्रेमळ होता असं समजू नका. एकदा व्हिक्टरने चिडून शिकायची अक्षरं फेकून दिली, तेव्हा इतारने त्याला उंचावरच्या खिडकीबाहेर धरून घाबरवलं. मुलगा पांढराफटक पडला, अक्षरं गोळा केली आणि अंथरुणावर पडून रडला. तो रडताना इतारने प्रथमच पाहिला. मी शिक्षिका आहे, पण हे वाचून इतारचा कान धरावासा वाटला.

व्हिक्टरला खरी माया लावली ती त्याला सांभाळणाऱ्या मादाम गेरां यांनी. जेवू घालणं, फिरायला नेणं, आजारपण काढणं, सगळं त्याच बघत. टेबलावर ताटं मांडायचं काम व्हिक्टरकडे असे. पुढे मादाम गेरां यांचे पती वारले. त्या दिवशीही व्हिक्टरने त्यांचं ताट नेहमीच्या जागी मांडलं. ते बघून मादाम गेरां यांना रडू कोसळलं. व्हिक्टरने हळूच ताट उचललं, कपाटात ठेवलं आणि पुन्हा कधीच मांडलं नाही. याला डॉक्टर मंदबुद्धी म्हणाले होते!

बोलायला मात्र तो फारसा शिकला नाही. भाषा ही पहिल्या काही वर्षांत, आजूबाजूला ऐकूनच सहज येते, आणि व्हिक्टरची ती वर्षं निघून गेली होती. तो जन्मतःच वेगळा होता का, यावर आजही वाद आहे. (पालकांनो, मूल दोन वर्षांचं होऊनही बोलत नसेल, तर 'आमच्याकडे सगळे उशिराच बोलतात' म्हणत थांबू नका, आधी कान तपासून घ्या. आणि मुलांनो, एकटं, टाकलेलं मूल कुठे दिसलं, तर १०९८ हा नंबर फुकट लागतो.)

पण अक्षरांची गंमत सांगायचीच राहिली. फ्रेंचमध्ये दूध म्हणजे 'ले'. म्हणायला एक अक्षर, लिहायला चार. सुटी अक्षरं जुळवून तो शब्द मांडायला व्हिक्टर शिकला. एका ओळखीच्या घरी त्याला दूध मिळायचं. एकदा तिथे जाताना त्याने ती चार अक्षरं खिशात घालून नेली आणि टेबलावर ओळीने मांडून दाखवली. कुणी सांगितलं नव्हतं हो, स्वतःच्या डोक्याने!

पाचेक वर्षांनी इतारने शिकवणं थांबवलं. व्हिक्टर मादाम गेरां यांच्याकडेच राहिला आणि १८२८ साली, साधारण चाळिशीत वारला. त्याचे आईबाप कोण, हे शेवटपर्यंत कळलं नाही.

इतारची हाताळायची अक्षरं मात्र पुढे गेली. त्याचा शिष्य सेगँ याने तशी साधनं वापरून मतिमंद मुलांना शिकवलं. या दोघांची पुस्तकं इटलीच्या डॉक्टर मारिया माँटेसरी यांनी अभ्यासली आणि बोटाने गिरवायची खरखरीत कागदाची अक्षरं केली. ती पद्धत भारतात आली. गिजुभाई बधेका यांच्याबरोबर भावनगरला काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला आणि नंतर अनुताई वाघ यांच्यासह कोसबाडला आदिवासी मुलांसाठी बालवाड्या चालवल्या. तिथे महागडी साधनं कुठली आणणार? शंख-शिंपले, खडे, बिया, पानं यांवरच त्यांनी काम भागवलं. तुमचं धाकटं भावंडं बालवाडीत जात असेल, तर त्याला आणायला जाल तेव्हा डोकावून बघा. खरखरीत अक्षरांची पाटी दिसली, तर डोळे मिटून एकदा त्यावरून बोट फिरवा.