ओट्यामागची भिंत

आज बचत, व्याज, हप्ते यातलं काही नाही. आज बोलायचंय ते ओट्यामागच्या भिंतीबद्दल. गवंडी तिला डॅडो म्हणतात. हसू नका. या दोन फूट उंच भिंतीवरून आमच्या गटात दोन बैठका गेल्या, कारण तिच्यावर गटाचे पैसे लागले होते.

झालं असं. आमच्या गटातल्या एका वहिनींनी स्वयंपाकघर नीट करायला १५ हजारांचं अंतर्गत कर्ज घेतलं. काळ्या ग्रॅनाइटचा ओटा, वरखाली पांढऱ्या पीव्हीसीची कपाटं. एवढं छान झालं. मग मधल्या भिंतीची फरशी आणायची वेळ आली, तेव्हा वहिनी सोयाबीन काढायला गेलेल्या. घरधनी आणि गवंडी तालुक्याला गेले आणि गडद राखाडी, खडबडीत दगडासारखी दिसणारी टाइल घेऊन आले. दुकानात दिव्यांच्या झोतात ती फार झोकदार दिसत होती म्हणे. घरात बसवली आणि भर दुपारी बल्ब लावायची पाळी आली. काळा ओटा, त्याच्या मागे काळपट भिंत, आणि खिडकी एकच. वर फोडणीचं तेल त्या खडबडीत खाचांत जाऊन बसतं. दर रविवारी वहिनी ब्रश घेऊन घासतात, आणि हप्ते अजून चालूच आहेत.

बैठकीत एकीनं विचारलंच, फरशीसाठी कर्ज द्यायचंच कशाला, त्यात दोन शेळ्या आल्या असत्या. आमचं मत तेव्हाही वेगळं होतं आणि आजही आहे. जिथं बाई रोज पाच-सहा तास उभी असते, तिथं उजेड असावा, भिंत एका फडक्यात पुसली जावी, हा काही शौक नव्हे. पण पैसे घालायचे तर निवड तिची हवी. म्हणून त्यानंतर गटातल्या ज्या तिघींची घरकुलं उभी राहिली, त्यांच्याबरोबर आम्ही दुकानात गेलो. त्यातून जे कळलं ते सांगतो.

पांढरी कपाटं आणि काळा ओटा म्हणजे दोन टोकं झाली. मधली भिंत दोघांना जोडते. ती ओट्यासारखी गडद घेतली तर खोली खाली दबल्यासारखी वाटते. त्यामुळं एकच लहान खिडकी असेल तर फिकाच रंग घ्या. पांढरा चालतो, पण पांढऱ्यातही किती पांढरे! एक दुधासारखा, एक सायीसारखा पिवळसर, एक नीळ दिल्यासारखा. कपाटाचा पांढरा आणि टाइलचा पांढरा जवळजवळ सारखा असेल पण अगदी सारखा नसेल, तर दोघांतला एक कायम मळका दिसतो. एक तर हुबेहूब जुळणारा घ्यावा, नाहीतर उघड वेगळा. सायीचा रंग, फिकट राखाडी, कोवळ्या पानाचा हिरवा हे आम्हाला काळ्या-पांढऱ्यामध्ये सगळ्यात बरे वाटले. ग्रॅनाइटमध्ये ठिपके असतील तर त्यातलाच एखादा फिका रंग उचलायचा, फारसं चुकत नाही.

नक्षीची हौस असेल तर ती एकाच जागी करा, शेगडीमागे चार-सहा टाइल. सगळ्या भिंतीवर संत्री, द्राक्षं आणि कपबश्या काढलेली टाइल आणली, तर तिच्यापुढं मांडलेला मसाल्याचा डबासुद्धा दिसत नाही. अर्थात ज्यांना ती आवडते त्यांनी घ्यावी. घर त्यांचं आहे.

दुकानात जाताना ग्रॅनाइटचा कापून उरलेला तुकडा आणि कपाटाच्या पत्र्याचा तुकडा पिशवीत ठेवा. दुकानदाराकडून एक-दोन टाइल घरी मागून आणा. नाहीच दिल्या तर विकत घ्या. त्या ओट्यावर उभ्या करून सकाळच्या उजेडात बघा आणि रात्री आपल्याच ट्यूबखाली बघा. मग त्यातल्या विकत घेतलेल्या टाइलवर तेल, हळद, तिखट कालवून रात्रभर राहू द्या आणि सकाळी साध्या साबणाच्या फडक्यानं पुसा. आम्ही तीन टाइलवर हे करून पाहिलं. गुळगुळीत चकचकीत टाइल एका हातात निघाली. खडबडीत टाइलच्या खाचांत पिवळं राहिलं. चकचकीत टाइलवर पाण्याचे थेंब आणि बोटं दिसतात हे खरं, पण ती पुसायला कष्ट नाहीत. संगमरवराच्या वाटेला जाऊ नका. लिंबू, चिंच लागली की त्याची झिलई जाते. कडप्प्याचंही तेच.

आता खरी मेख सांध्यांची. टाइल पुसली जाते, दोन टाइलमधली रेघ पुसली जात नाही. सांध्यात नुसतं पांढरं सिमेंट भरलं तर ते तेल आणि हळद पिऊन वर्षभरात पिवळं पडतं. कपड्यावरची हळद उन्हात उडते, पण ओट्यामागं ऊन कुठून येणार? म्हणून सांध्याला फिकट राखाडी ग्राउट सांगा. शेगडीमागच्या तेवढ्या भागात एपॉक्सी ग्राउट परवडलं तर बघा. ते महाग असतं, पण डाग पीत नाही. आणि सांधे कमी ठेवा. ८ फूट ओटा आणि २ फूट उंची म्हणजे १६ चौरस फूट. १२ बाय १८ इंची टाइल आडवी लावली तर ११ लागतात. हल्ली विटेसारख्या बारक्या पांढऱ्या टाइलची फॅशन आहे, ३ बाय ६ इंचाची. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेच्या स्थानकांत १९०४ साली तशा लावल्या, तिथून ती आली. दिसते गोड, पण त्याच भिंतीला १२८ लागतात. तेवढ्या रेघा घासणार कोण, हे आधी ठरवा.

हिशेबात तोडफोडीसाठी दहाव्या हिश्श्याइतकी जास्त टाइल धरा आणि दोन-तीन घरात राखून ठेवा. पुढं एखादी फुटली तर तीच छटा परत मिळेलच असं नाही. पेटीवर शेड किंवा बॅच नंबर असतो. सगळ्या पेट्यांवर तो एकच आहे ना, हे दुकानातच बघा. आपल्याकडच्या बऱ्याचशा टाइल गुजरातेत मोरबीहून येतात. एकाच नमुन्याच्या दोन बॅचमध्येही रंगाचा फरक पडतो.

गवंड्याशी बोलायच्या गोष्टी थोड्या आहेत, पण त्या चुकल्या तर वरची सगळी मेहनत वाया जाते. भिंतीवर ऑइलपेंट असेल तर पाट्याला लावतात तशी तिला टाकी लावून घ्या, म्हणजे माल धरेल. मातीच्या भिंतीवर टाइल थेट टिकत नाही, आधी सिमेंटचा गिलावा लागतो. साधी सिरॅमिक भिंतीची टाइल सिमेंटवर बसवायची तर आधी पाण्यात भिजवावी लागते. कोरडी लावली तर ती मालातलं पाणी ओढून घेते आणि पुढं सुटते. व्हिट्रिफाइड टाइल पाणी पीतच नाही, तिला सिमेंटऐवजी चिकटवायचा खास मसाला लागतो. मिक्सरचं बटण, फिल्टरचा नळ कुठं येणार ते आधी खडूनं भिंतीवर काढून द्या. नाहीतर नवी टाइल फोडावी लागते. माल सुकल्यावर प्रत्येक टाइलवर नाण्यानं टकटक करा. पोकळ वाजली तर गवंडी असतानाच काढून घ्या. मजुरी त्यानंतर.

स्वच्छतेला संडासचं ॲसिड वापरू नका. त्यानं सिमेंटचे सांधे खातात आणि वाफ छातीत जाते. साबणाचं कोमट पाणी पुरतं. आणि बाजारात चिकटवायचे चमकदार कागद मिळतात, ते स्वस्त पडतात, पण प्लास्टिकचा कागद शेगडीमागं लावू नका. आचेनं तो आकसतो, सुटतो, पेटूही शकतो.

आता त्या वहिनींचं. सगळी भिंत फोडणं परवडणार नव्हतं. गेल्या महिन्यात शेगडीमागच्या चारच टाइल काढून त्यांनी सायीच्या रंगाच्या गुळगुळीत बसवल्या, आणि खिडकीसमोरचं मांडण दुसऱ्या भिंतीला हलवलं. दिवसा बल्ब लागत नाही. घासणं निम्म्यावर आलंय. गटानं कर्जाच्या अर्जात एक ओळ वाढवली आहे: घरकामाचं सामान असेल तर नमुना सदस्येनं स्वतः पाहिला का? पुढच्या बुधवारी आणखी दोघींबरोबर दुकानात जायचंय, आणि वहिनी पिशवीत ग्रॅनाइटचा तुकडा घेऊन येणार आहेत.