‘क’ कोणाचा? : अक्षरखेळांतील लिपिविचार

अक्षरओळख हा विषय शिक्षणशास्त्राच्या कक्षेत टाकून साहित्याचे अभ्यासक सहसा मोकळे होतात. वस्तुतः बालवर्गातील अगदी साधा अक्षरखेळही लिपी आणि भाषा यांच्या संबंधाविषयी काही एक भूमिका घेत असतो. ती भूमिका खेळणाऱ्या मुलाला ठाऊक नसते, खेळवणाऱ्या शिक्षिकेलाही बहुधा नसते. परंतु एका लिपीसाठी घडलेला खेळ दुसऱ्या लिपीच्या वर्गात जसाच्या तसा आणला, की ती भूमिका अडचणीच्या रूपाने पुढे येते.

सर्वाधिक रूढ खेळ चित्रपत्त्यांचा. चित्रे जमिनीवर मांडायची, शिक्षिकेने ‘क’ म्हणताच कमळाचे चित्र उचलायचे. या खेळाचे उच्चारसूत्र प्रत्येक भाषेत निराळे आहे. इंग्रजीत ‘ए फॉर ॲपल’, हिंदीत ‘क से कबूतर’, मराठीत ‘क कमळाचा’. हा फरक केवळ वाक्प्रचाराचा नाही. हिंदीतील ‘से’ अपादानाकडे झुकतो. अक्षरापासून शब्द निघतो, म्हणून अक्षर शब्दारंभीच असावे लागते. मराठीने (आणि गुजरातीनेही) येथे षष्ठी योजिली आहे. अक्षर शब्दाचे असते, शब्दात त्याचे स्थान कोठेही असो. त्यामुळेच मराठी तक्त्याला ‘ण बाणाचा’ आणि ‘ळ बाळाचा’ असे निःसंकोच म्हणता येते. मराठीत ‘ळ’ने आरंभ होणारा शब्द नाही, ‘ण’ची स्थितीही जवळपास तशीच. आद्याक्षराचा हट्ट धरणाऱ्या खेळाने ही दोन अक्षरे कायमची बाहेर बसवली असती. ‘ङ’ आणि ‘ञ’ यांच्या चौकटी मात्र षष्ठीलाही भरता आलेल्या नाहीत.

हा चित्रतक्ता एक संहिता म्हणून वाचला जावयास हवा. ‘ई’ ईडलिंबाचा, ‘उ’ उखळाचा, ‘ए’ एडक्याचा, ‘ऐ’ ऐरणीचा, ‘औ’ औताचा. कृषिजीवनाचा हा लहानसा संग्रह पिढ्यान्‌पिढ्या भिंतींवर टिकून राहिला, तो त्या वस्तू मुलांच्या जिव्हाळ्याच्या होत्या म्हणून नव्हे, तर त्या स्वरांनी सुरू होणारे चित्रयोग्य शब्द थोडे म्हणून. शासनाने 2009 मध्ये प्रमाणित केलेल्या वर्णमालेत ‘ॲ’ आणि ‘ऑ’ यांना स्थान मिळाल्यावर या संग्रहात इंग्रजीतून आलेले शब्दही अधिकृतपणे दाखल झाले, कारण हे दोन स्वर मराठीत प्रामुख्याने अशाच शब्दांतून येतात.

प्रश्न उद्‌भवतो तो चित्र वाचताना. एडक्याचे चित्र पाहून आजचे मूल ‘मेंढी’ म्हणते. थव्याचे चित्र पाहून ‘पक्षी’ म्हणते. त्याने चित्र अचूक ओळखलेले असते, शब्दही स्वतःच्या भाषेतला बरोबर दिलेला असतो, आणि तरीही खेळात ते हरते. ज्या मुलाची घरची बोली प्रमाण मराठी नाही, त्याच्या वाट्याला असे हरणे वारंवार येते, आणि ते अक्षर न कळल्याचे लक्षण मानले जाते. वास्तविक, तेथे परीक्षा अक्षराची नसून शब्दसंग्रहाची झालेली असते. ताराबाई मोडक 1945 मध्ये बोर्डीस आणि 1957 मध्ये कोसबाडला गेल्या. तेथे त्यांनी आणि अनुताई वाघ यांनी वारली मुलांसाठी महागड्या माँटेसरी साहित्याऐवजी शंखशिंपले, बिया, पाने, खडे यांचा उपयोग केला. त्या कार्याचे मोल वादातीत आहे. तथापि साधने परिसरातील असणे ही एक गोष्ट, आणि साधनाचे नाव मुलाच्या मुखातले असणे ही दुसरी. बी ओळखीची असली, तरी तिचे नाव मुलाच्या बोलीत निराळ्या अक्षराने सुरू होत असेल, तर ‘क कोणाचा’ याचे उत्तर पुन्हा वरूनच द्यावे लागते.

या संदर्भात जपानमधील ‘इरोहा कारुता’ या पत्त्यांच्या खेळाचा विचार उद्‌बोधक ठरतो. एकाने म्हण वाचायची, इतरांनी त्या म्हणीचे आद्य काना-चिन्ह आणि चित्र असलेला पत्ता झडप घालून उचलायचा, असे त्याचे स्वरूप. अक्षर येथे वस्तूशी नव्हे, म्हणीशी जोडलेले आहे. शिवाय एदोच्या आणि क्योतोकडील संचांत एकाच चिन्हासाठी वेगवेगळ्या म्हणी होत्या. चिन्ह समान, त्याचा धनी मात्र गावागणिक वेगळा. मराठी तक्त्याला ही मोकळीक कधी सुचली नाही. गोव्यातील, विदर्भातील आणि बृहन्महाराष्ट्रातील मुलांसमोर तोच एडका उभा राहिला.

मात्र कारुताची उपमा फार ताणता येत नाही. काना हे अखंड चिन्ह आहे. ‘का’ आणि ‘की’ यांच्या जपानी आकृतींत काहीही समान नाही, म्हणून प्रत्येकास स्वतंत्र पत्ता पुरतो. देवनागरीत ‘का’ आणि ‘की’ यांचा ‘क’ एकच, आणि बदल मात्रेचा. चौतीस व्यंजनांना पारंपरिक बाराखडीने गुणले तरी 408 आकृती होतात, आणि जोडाक्षरे अजून दूरच. सोनाली नाग यांनी कन्नड वाचनासंबंधी 2007 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून दिसते, की अशा लिपीतील अक्षरज्ञान इंग्रजी मुळाक्षरांप्रमाणे वर्षभरात पुरे होत नाही. ते प्राथमिक शाळेच्या वरच्या इयत्तांपर्यंत चालूच राहते. सव्वीस पत्त्यांच्या हिशोबाने बेतलेला खेळ देवनागरीच्या वर्गात मुळाक्षरांपाशी थबकतो आणि मात्रांचा प्रांत घोकंपट्टीच्या स्वाधीन करतो.

वास्तविक, या प्रांतातले खेळ मराठी मुलांनी स्वतःच जपले आहेत. ‘च’ची भाषा हे त्याचे ठळक उदाहरण. शब्दाचे पहिले अक्षर शेवटी न्यायचे आणि त्याच्या जागी ‘च’ आणायचा. ‘पाणी’चे ‘चणीपा’ होते, ‘कमळ’चे ‘चमळक’. येथे ‘पा’ अखंड हलतो, त्यातून ‘आ’ सुटत नाही. इंग्रजीभाषक मुलांच्या ‘पिग लॅटिन’मध्ये ‘बुक’चे ‘उकबे’ होते. म्हणजे तेथे आरंभीचे व्यंजन स्वरापासून तुटून एकटेच शेवटास जाते. दोन्ही खेळ गुप्त भाषेचेच, पण शब्द कोठे चिरायचा याविषयी त्यांचे मत भिन्न. त्याहून लक्षणीय उदाहरण ‘घर’चे. उच्चारात हा शब्द एका झटक्यात संपतो, तरी खेळात त्याचे ‘चरघ’ होते. या भाषेत रमणारी मुले बहुधा वाचू लागलेली असतात, त्यामुळे अक्षराची जाणीव खेळातून आली की लेखनातून, हे येथे ठरवता येणार नाही. दोहोंची एकमेकांस पुष्टी मिळते, एवढे म्हणणे सुरक्षित.

भेंड्यांचा न्याय याच्या उलट. गाणे ‘ही’वर संपले तर पुढचे ‘ह’वरून चालते. मात्रा गळून पडते, मूळ अक्षर उरते. म्हणजे ‘च’ची भाषा मात्रेसह अक्षर धरते, भेंड्या मात्रा सोडून धरतात. लिपीचे हे दोन स्तर व्याकरणकारांनी वर्ण आणि अक्षर या संज्ञांच्या आधारे कष्टाने मांडले. मुले ते दुपारच्या सुट्टीत, नियम म्हणून, सहज पाळतात. शिक्षिकेने एकाच आठवड्यात दोन्ही खेळ घेतले, तर ‘ही’ आणि ‘ह’ यांचे नाते वेगळे समजावण्याची फारशी गरज राहू नये.

उरतो प्रश्न मात्रांच्या स्थानाचा. माँटेसरी पद्धतीतील खरखरीत कागदाची अक्षरे बोटाला वळण देतात. मराठी धूळपाटीनेही तेच काम केले होते, आणि ‘धुळाक्षरे’ हा शब्द त्याची साक्ष देतो. परंतु त्या पद्धतीतील सुटी अक्षरे एका ओळीत, डावीकडून उजवीकडे मांडावयाची असतात. देवनागरीची मात्रा वर चढते, खाली लोंबते, उजवीकडे उभी राहते, आणि पहिली वेलांटी तर अक्षराच्या आधी बसून नंतर उच्चारली जाते. वाचू लागलेले मूल ‘कि’पाशी अडखळते ते याचमुळे. येथे उपयोगी पडतो तो मुलांनीच अक्षरे होण्याचा खेळ. एक मूल ‘क’ होऊन उभे राहते. काना झालेले त्याच्या उजवीस येते, उकार झालेले पायाशी बसते, वेलांटी झालेले डावीकडे उभे राहून हात त्याच्या डोक्यावरून नेते. इतर मुलांनी अक्षर वाचायचे. वेलांटी आधी आली तरी ‘इ’ मागाहून म्हणायची, हे सांगावे लागत नाही, कारण हात कोणाच्या डोक्यावर आहे ते दिसत असते. काना, वेलांटी, उकार ही नावे मुळातच अवयवांच्या नावांसारखी वापरली जातात. हा खेळ त्यांना फक्त देह देतो. यास साहित्य लागत नाही, चित्र लागत नाही, आणि मुलाच्या बोलीत मेंढीला काय म्हणतात याच्याशीही त्याला कर्तव्य नसते.

चित्रपत्ते यामुळे टाकून द्यावे लागतील असे नाही. प्रत्येक मुलाने आपल्या घरातला एक शब्द सांगावा आणि वर्गाने त्याचे चित्र काढून स्वतःचा संच सिद्ध करावा, हा मार्ग मोकळा आहे. अशा संचात ‘क’चे पाच-सहा धनी होतील, कदाचित निरनिराळ्या बोलींतले. शिक्षिकेला त्यांतले एखादे नाव पहिल्यांदाच ऐकावे लागेल. ‘ळ’चा पत्ता मात्र तेथेही शेवटपर्यंत उरेल. मग कोणी तरी नळ म्हणेल, कोणी माळ, कोणी चूळ, आणि तो उचलण्यासाठी वर्गाला शब्दाच्या शेवटाकडे कान लावावा लागेल.